पंचेचाळिशीनंतरची बाराखडी

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, अगदी मागच्या बाजूला, जिथे भिंतींनासुद्धा कायम घाम फुटलेला असतो, तिथे धुलाईखाना होता आणि त्या धुलाईखान्यात कर्नलचं राज्य होतं. तिचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण कुणाच्या तोंडात ते नव्हतं. अंगाने बुटकी, जाडजूड, आणि आवाज असा की सगळी मशीनं एकदम घुसळत असली तरी पार टोकाला उभ्या असलेल्या इस्त्रीवालीला आपलं नाव स्पष्ट ऐकू जायचं. पोरसवदा वयात ती इथे ओल्या चादरींच्या टोपल्या उचलायला आली आणि चढत चढत मुकादम झाली. तिच्या हाताखालून डाग असलेली चादर वर वॉर्डात गेली, असं कधी झालं नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीतले डॉक्टरसुद्धा तिच्याशी जरा जपूनच बोलायचे.

या कर्नलला एकच गोष्ट येत नव्हती. वाचता येत नव्हतं.

थोरली मुलगी, आई अंथरुणाला खिळलेली, पाठीवर तीन भावंडं. शाळेचा रस्ता तिला चांगला पाठ होता, कारण भावंडांना सोडायला तीच जायची. दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, आणि न वाचता जगायची कला तिने अशी साधली की कुणाला संशय आला नाही. चादरींच्या काठावर वॉर्डाची अक्षरं छापलेली असत. ती तिने आकारांवरून ओळखायला शिकून घेतली होती. हे छत्रीसारखं म्हणजे बालवॉर्ड, हा पाय दुमडून बसलेला माणूस म्हणजे हाडांचा वॉर्ड. काही सूचना आली की खिसा चाचपायची आणि म्हणायची, "चष्मा घरी राहिला वाटतं. लंबू, तूच बघ गं काय म्हणतायत."

लंबू म्हणजे तिच्या हाताखालची सगळ्यात जुनी बाई, शिडीसारखी उंच. ती कागद घ्यायची, "आत्ता सांगते" म्हणून बाहेर जायची आणि थोड्या वेळाने येऊन सगळं बिनचूक सांगायची. बाहेर का जाते, हे कर्नलने कधी विचारलं नाही.

खरी गोष्ट माहीत होती ती फक्त नवऱ्याला. तो पोस्टमन होता, आता निवृत्त. आयुष्यभर दारोदार पत्रं वाटलेल्या माणसाच्या बायकोला पत्र वाचता येऊ नये, याची दोघांनाही गंमत वाटायची आणि थोडी लाजही. रोज सकाळी चहा घेताना तो तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. मुलीच्या शाळेतल्या सह्या त्यानेच केल्या होत्या. मुलगी आता त्याच रुग्णालयात वरच्या मजल्यावर सिस्टर होती, आणि तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मग नवं मशीन आलं.

जुन्या मशीनना फिरवायच्या खुंट्या होत्या. हाताला सवय होती. डोळे मिटूनही चालवली असती. नव्याला मात्र काच होती, आणि काचेवर चौकोन. कोणता चौकोन कशाचा हे मशीन बसवणाऱ्या मेकॅनिकने एकदा दाखवलं आणि कर्नलने जागा लक्षात ठेवल्या: वरच्या ओळीत कडेचा तो गाऊनचा, त्याच्या खालचा ब्लँकेटांचा. काही दिवस सुरळीत गेले. एका सकाळी मात्र काचेवर काहीतरी लांबलचक लिहून आलं, खाली दोन चौकोन आणि एक लुकलुकणारा दिवा. मशीनच्या पोटात अर्धे हिरवे गाऊन भरलेले, शेजारी लाल ब्लँकेटांचा ढीग.

"काय म्हणतंय गं ते?" कर्नलने विचारलं.

लंबूने मान तिरकी करून पाहिलं. "चालू करू का म्हणून विचारतंय, दुसरं काय."

"आणि ही ब्लँकेटं?"

"दिवा लागलाय म्हणजे अजून भरा म्हणत असेल. पोट अर्धंच भरलंय ना त्याचं."

कर्नललाही ते पटलं. ब्लँकेटं आत गेली, कर्नलने चौकोन दाबला, पाणी उकळायला लागलं. दार उघडलं तेव्हा आतून जे बाहेर आलं त्याला हिरवंही म्हणता येईना आणि लालही. चहाच्या चोथ्याचा रंग. शस्त्रक्रियेच्या खोलीतले सगळे गाऊन चोथ्याच्या रंगाचे.

त्या दिवशी रुग्णालयभर हसाहस झाली. पोटाचे मोठे सर्जन त्या चोथ्याच्या गाऊनमध्ये कॅन्टीनमधून चक्कर मारून गेले म्हणे. कर्नलने मशीनला शिव्या घातल्या. मेकॅनिकने येऊन मशीन तपासलं आणि खांदे उडवले. "मशीन ठणठणीत आहे. ब्लँकेटं वेगळी धुवा, गाऊनचं पाणी फार गरम होणार आहे, असं स्पष्ट लिहून आलं होतं. कुणी वाचलं नाही का?"

वरून विचारणा झाली. त्या दिवशी त्या मशीनच्या कामावर नाव होतं लंबूचं. लंबू खाली मान घालून उभी होती, आणि कर्नल तिच्या पुढे येऊन उभी राहिली. "बटण मी दाबलं," ती म्हणाली. "मुकादम मी आहे. काय बोलायचं ते मला बोला." बोलणी तिने खाल्ली. पण वाचलं का नाही, हे तिने सांगितलं नाही.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या नाहीत. "त्या ग्रंथालयाच्या माडीवर मोठ्या माणसांना शिकवतात ना," तिने नवऱ्याला विचारलं, "तो जिना कुठल्या बाजूने आहे?"

पोस्टमनला गावातला प्रत्येक जिना माहीत होता. तो काही न विचारता उठला, सदरा बदलला आणि तिच्याबरोबर निघाला.

माडीवरच्या वर्गात शिकवायची एक टायपिस्ट बाई. कोर्टात आयुष्य काढून आलेली, काडीसारखी बारीक, आणि बोलण्यात न्यायाधीशाचा दरारा. खोलीत पावाच्या भट्टीवर काम करणारा एक माणूस होता, बागेतला एक म्हातारा माळी होता, काही तरुण होते, काही मध्यमवयीन बायका. टायपिस्ट बाईंनी कर्नलला वय विचारलं. पन्नाशी उलटून गेलेली.

"ही सरकारी योजना पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्यांसाठी आहे," बाई म्हणाल्या.

कर्नलचा चेहरा पडला. इथवर यायला तिला जो धीर गोळा करावा लागला होता तो तिलाच ठाऊक. ती वळणार तेवढ्यात बाईंनी पायाने एक खुर्ची पुढे सरकवली. "म्हणजे तुम्ही सरकारच्या हिशेबात नसाल, एवढंच. खुर्ची तशीही रिकामीच पडून आहे. बसा."

शिकणं सोपं गेलं असं कुणी समजू नये. जो हात ओल्या चादरींचा गठ्ठा एका झटक्यात फिरवायचा, त्याला पेन्सिल धरता येईना. पहिले काही दिवस तिने इतका जोर लावला की टोक मोडायचं आणि कागदाला भोक पडायचं. अक्षरं ओळखीची झाली तर काना-मात्रा दगा द्यायच्या. सगळ्यात जास्त राग तिला 'र'चा यायचा. "हा एका जागी बसतच नाही!" ती वर्गात ओरडली. "कधी डोक्यावर चढून बसतो, कधी पायाखाली घुटमळतो. माझ्या नवऱ्यासारखा आहे मेला." सगळा वर्ग हसला. म्हातारा माळी इतका हसला की त्याला ठसका लागला.

अपूर्णांकांशी तर तिचं भांडणच झालं. चारपेक्षा आठ मोठे, मग एक भागिले आठ हे एक भागिले चारपेक्षा लहान कसं? ही शुद्ध फसवाफसवी आहे, असं तिचं म्हणणं. टायपिस्ट बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी टेबलावरचं कापड काढलं आणि तिच्या हातात दिलं. "घडी घाला."

कर्नलने घातली. अर्धं. परत घातली. पाव. परत घातली, आणि घडीवर हात ठेवून ती एकदम थांबली. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "जितक्या घड्या जास्त, तितका तुकडा बारीक. हे तर मी जन्मभर करतेय!" त्या दिवशी घरी जाताना ती नवऱ्याला म्हणाली की गणित काही वाईट माणूस नाही, त्याच्याशी ओळख उशिरा झाली एवढंच.

आणि एका सकाळी नवऱ्याची चोरी पकडली गेली. तो नेहमीप्रमाणे चहाबरोबर बातमी वाचत होता: एका शहरात महापौरांच्या भाषणाच्या वेळी बकरी व्यासपीठावर चढली आणि तिने सगळं भाषण खाऊन टाकलं. कर्नल मागून येऊन उभी राहिली. तिने बोट ठेवून ओळ वाचली, मग वरची वाचली, मग खालची.

"इथे बकरी कुठे आहे?"

पोस्टमनने चहाचा कप तोंडाला लावला.

"इथे तर लिहिलंय… पु-लाचं काम रख-ड-लं. बकरी कुठे आहे म्हणते मी?"

"खऱ्या बातम्या फार कंटाळवाण्या असतात गं," तो पडेल आवाजात म्हणाला. "तू दिवसभर वाफेत उभी राहणार. म्हटलं, जाताना जरा हसून जावीस."

"किती वर्षं चाललंय हे?"

"लग्नापासून."

कर्नलला आधी संताप आला, मग हसू आलं, आणि मग ती इतकी हसली की शेजारीण काय झालं ते बघायला आली. लग्नापासून आपण धुलाईखान्यात जगभरच्या ज्या बातम्या सांगत आलो, त्यांतल्या निम्म्या या माणसाने घडवल्या होत्या! पेपर तिने त्याच्या हातातून काढून घेतला. "उद्यापासून मी वाचणार. आणि बकरी तू तोंडी सांग."

सगळं असं रंगात आलेलं असताना शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. कायम सर्दी झालेला, रुमाल हातात धरलेला भला माणूस. ते खोलीत शिरले, भरलेल्या खुर्च्या पाहिल्या, टायपिस्ट बाईंनी पाठवलेले आकडे पाहिले आणि बुचकळ्यात पडले.

"कागदावर तर तुमचा वर्ग जवळजवळ रिकामा आहे, बाई."

"कागदावर पंचेचाळिशीच्या आतलेच मोजतात," बाई म्हणाल्या. "त्यातलेही परीक्षा पास झालेलेच. बाकीच्यांना मी शिकवते, पण ते आहेत असं मला लिहिता येत नाही."

साहेब शिंकले. "याच कारणासाठी या महिन्याअखेर हा वर्ग बंद करायचा प्रस्ताव आहे. मी वाईट बातमी घेऊन आलोय, मला माफ करा."

मग कर्नलचा आवाज आला, अगदी मशीनघरातला. "पंचेचाळीसच का, साहेब?"

"वरच्या लोकांचा असा विचार आहे की त्यानंतर शिकलेल्या माणसाची कामाची वर्षं थोडी उरतात. खर्च भरून निघत नाही."

"मग पंचेचाळिशीनंतर मी कपडे धुवायचे थांबायला हवं होतं का? ते कुणी सांगितलं नाही मला. काम करायला मी चालते, शिकायला चालत नाही?"

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. पिशवीतून नियमांची पुस्तिका काढून त्यांनी पानं चाळली. मग ते म्हणाले, "एक वाट आहे. एखाद्या संस्थेने आपल्या कामगारांसाठी वर्ग मागितला, जागा दिली आणि कामाच्या वेळेतला वेळ दिला, तर त्या वर्गाला वयाची अट लागत नाही. नियमात तसं कलम आहे, पण आजवर कुणी वापरलेलं नाही. कारण त्यासाठी कामगारांनी स्वतः जाऊन मालकाला सांगावं लागतं, की आम्हाला वाचता येत नाही."

टायपिस्ट बाईंनी कर्नलकडे पाहिलं नाही. म्हणूनच कर्नलला कळलं की त्या तिचाच विचार करतायत.

रुग्णालयात नियम होता: मुकादम लिहितावाचता असला पाहिजे. कर्नलला मुकादम केलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. आता तोंड उघडलं तर मुकादमी जाणार, आणि ज्या बायकांवर इतकी वर्षं आवाज चढवला, त्यांच्याच रांगेत परत टोपली उचलायला उभं राहावं लागणार. दोन दिवस तिने जेवणाचं ताट तसंच सारून ठेवलं. पोस्टमनने बकऱ्यांच्या, माकडांच्या, अगदी बिशपच्या टोपीतून निघालेल्या कोंबडीच्यासुद्धा बातम्या सांगून पाहिल्या. उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी ती वरच्या मजल्यावर गेली. मुलगी औषधांच्या खोलीत बाटल्या लावत होती.

"तुला एक सांगायचंय," कर्नल म्हणाली. "उद्या महिन्याच्या सभेत मी ते सगळ्यांना सांगणार आहे, त्याच्या आत. मला वाचता येत नव्हतं. आता येतंय थोडं थोडं."

मुलीचा हात बाटलीवर तसाच राहिला. तिला आधी कळेचना. मग तिचा चेहरा बदलला. पण कर्नलला वाटलं होतं तशी दया त्यात आली नाही. राग आला.

"मी लहान असताना तुझ्यासाठी चिठ्ठ्या लिहून ठेवायचे, आई. तू पहाटे जायचीस म्हणून. तुझ्या उशाशी. आज माझं गाणं आहे, ये. आज मला बक्षीस मिळालं. तू कधी एक शब्द बोलली नाहीस त्यांवर. मला वाटायचं, तुला काही घेणंदेणं नाही."

"मी समजायचे शाळेतलं काही गिरवलंयस," कर्नल म्हणाली. तिचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "पहाटेच्या घाईत तुझ्या बाबांना दाखवायचं राहायचं, आणि नंतर तुला विचारू कसं? मग मी… विचारायचं राहून जायचं गं. लाजेपोटी."

मुलगी पाठ फिरवून उभी राहिली. खांदे हलत होते. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, वळली आणि आईचे दोन्ही हात धरले. वाफेने पिकलेले, खरखरीत हात. "माझं चुकलं असं नको म्हणूस," ती म्हणाली. "उद्या दुपारी सभेत बोलणार आहेस ना? माझी सुट्टी त्याच वेळेला आहे. मी दारात उभी राहीन."

महिन्याची सभा कॅन्टीनमध्ये भरायची. रुग्णालयाच्या अधीक्षक बाई मधोमध बसायच्या, त्यांच्या शेजारी हिशेबनीस. डॉक्टर पुढच्या टेबलांवर, बाकीचे मागे. शेवटी अधीक्षक बाईंनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का, आणि हे विचारताना त्या कागद आवरायलाही लागल्या होत्या, कारण मागून कधी कुणी बोलत नसे.

कर्नल उभी राहिली.

"ते गाऊन माझ्यामुळे बिघडले," ती म्हणाली. "मशीनवर लिहून आलं होतं. मला वाचता येत नव्हतं. आजवर येत नव्हतं. ग्रंथालयाच्या माडीवर मी शिकायला जाते, तो वर्ग बंद पडतोय. तो इथे सुरू करा, अशी माझी मागणी आहे. कामाच्या वेळेतला थोडा वेळ द्या आणि एक खोली द्या."

हिशेबनीसांनी घसा खाकरला. "मुकादमाला लिहितावाचता आलं पाहिजे असा नियम आहे. हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"तरी उभ्या राहिलात?"

"माझं अर्धं पुस्तक झालंय, अर्धं राहिलंय. अर्धवट धुतलेला कपडा मी कधी वर पाठवत नाही, साहेब. मुकादमी घ्यायची तर घ्या. वर्ग द्या."

अधीक्षक बाई तिच्याकडे टक लावून पाहत होत्या. मग त्यांनी कर्नलच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे एक लाल पाटी होती. किती वर्षांची कोण जाणे, कर्नल रोज तिच्याखाली बसून चहा प्यायची. "शिकताय म्हणालात. ती वाचून दाखवाल?"

कर्नल वळली. लाल पाटीवर पांढरी अक्षरं. पहिला शब्द आला. दुसऱ्याला जोडाक्षर होतं, ती अडली. कुणीतरी हलकेच सांगायला गेलं, तशी दारात उभ्या असलेल्या मुलीने त्याला हाताने गप्प केलं. कर्नलने मधला अर्धा मोडलेला अक्षरतुकडा डोळ्यांनी सोडवला, पुढच्याला जोडला.

"आग… ला-गल्-यास," ती म्हणाली. "लागल्यास! घा-ब-रू नका. घाबरू नका. जव-ळच्या दा… दाराने… बाहेर पडा. लिफ्ट… वा-प-रू नका."

शेवटच्या शब्दापर्यंत तिचा आवाज चढत चढत असा झाला होता की स्वयंपाकघरातली माणसंही दाराशी येऊन उभी राहिली. मुलीने पहिली टाळी वाजवली. मग कोपऱ्यातून दुसरी, आणि मग सगळं कॅन्टीन दणाणलं.

अधीक्षक बाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या थांबेपर्यंत त्या पाटीकडेच पाहत होत्या, आणि त्यांचा चेहरा उतरला होता. "ही पाटी आजपर्यंत ज्यांना वाचता आली नव्हती," त्या सावकाश म्हणाल्या, "असे इथे अजून कोण आहेत? कुणाची नोकरी जाणार नाही. माझा शब्द आहे."

मग मागून एक लांबलचक हात वर गेला, छताला टेकेल असा. लंबूचा.

कर्नलचे डोळे विस्फारले. "तू? अगं, मी तुलाच वाचायला सांगायचे ना!"

"मग मी काय करायचे?" लंबू रडवेली होऊन म्हणाली. "बाहेर जाऊन भांडारातल्या बाबूकडून वाचून घ्यायचे आणि तुम्हाला येऊन सांगायचे. तुम्हाला नाही म्हणायची कुणाची छाती होती का?"

त्यावर जे हसू फुटलं त्याने सगळ्यांची भीड गेली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात वर केला. स्वयंपाक्याने हातातल्या डावासकट केला. मग झाडूवाल्या, स्ट्रेचर ढकलणारे, बाळंतिणींच्या वॉर्डातली आया. मागची टेबलं हातांनी भरून गेली. पुढच्या टेबलांवरचे डॉक्टर वळून पाहत राहिले. उद्या खरंच आग लागली असती तर यातल्या कुणाला काय कळलं असतं, हे कुणाला समजावून सांगायची गरज उरली नव्हती. हिशेबनीसांनीच आधी तोंड उघडलं. "कपड्यांच्या घडीची खोली दुपारी रिकामी असते," ते म्हणाले. "वेळेचं मी बसवतो."

मुकादमीचं काय, हे कर्नलने विचारलं नाही. अधीक्षक बाईंनीच सांगितलं: नियमात लिहितावाचता असलं पाहिजे असं आहे, आणि पाटी तर सगळ्यांदेखत वाचून झाली.

ग्रंथालयाच्या माडीवरची टेबलं, फळा आणि टायपिस्ट बाई एका हातगाडीवरून रुग्णालयात आल्या. म्हणजे टेबलं आणि फळा हातगाडीवर, बाई पुढे चालत, वाहतुकीला हुकूम देत. भट्टीवाला आणि म्हातारा माळी रुग्णालयाचे कामगार नव्हते, पण अधीक्षक बाईंना ते दिसलेच नाहीत, आणि त्यांनी दोन खुर्च्या जास्त लागतील असं स्वतःहून सांगितलं. घडीच्या खोलीत वाफेचा वास, गरम चादरींची ऊब आणि बाराखडीचा गलका असा रोज दुपारी भरू लागला. लंबू तर शिकण्यात अशी हुशार निघाली की महिन्याभरात कर्नलच्या पुढे गेली आणि कर्नलने तिच्याशी दोन दिवस अबोला धरला.

मोठी गोष्ट पुढे घडली. शिक्षण खात्याच्या साहेबांनी या वर्गाबद्दल वर लिहून कळवलं. मग बसडेपोने तसाच वर्ग मागितला, मग विणकामाच्या गिरणीने. ज्या कलमाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं त्याच्यावर एकाएकी अर्ज पडू लागले, आणि पंचेचाळिशीनंतरची माणसं एवढ्या संख्येने परीक्षेला बसली आणि पास झाली की त्यांना न मोजणं अवघड होऊन बसलं. पोस्टमनने एका सकाळी सांगितलं की सरकार वयाची अट काढणार आहे म्हणे. कर्नलने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "बकरी?"

"नाही. देवाशपथ, छापलंय."

तिने पेपर ओढून घेतला. खरंच छापलं होतं.

सरकारी परिपत्रक आलं त्या दुपारी साहेब स्वतः घेऊन आले. त्या दिवशी त्यांना सर्दी नव्हती. घडीची खोली दारापर्यंत भरली होती. अधीक्षक बाई होत्या, मुलगी वॉर्डातून आली होती, पोस्टमन इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसला होता. साहेबांनी कागद टायपिस्ट बाईंकडे दिला, बाईंनी तो कर्नलपुढे धरला.

कर्नलने खिसा चाचपला. सगळे हसले. पण या वेळी खिशात चष्मा खरोखरच होता, नवा, आणि तो तिने नाकावर चढवला.

ती वाचू लागली. बोट न ठेवता. "प्रौढ शिक्षण योजनेअंतर्गत… प्रवेशासाठी असलेली कमाल वयाची…" इथे ती थांबली, कागद जवळ घेतला, लांब धरला. "अ-र्ह-ता! हा काय शब्द आहे? हा परत डोक्यावर बसलाय बघा!"

"पात्रता," साहेब हसत म्हणाले.

"मग पात्रता लिहायला काय झालं होतं? शिकवायचंय आम्हाला की घाबरवायचंय?" साहेबांनी तिथल्या तिथे पेन काढून ते टिपून घेतलं. कर्नलने परत सुरुवात केली आणि या खेपेस ती कुठेही अडली नाही. "कमाल वयाची अर्हता… या आदेशान्वये… रद्द करण्यात येत आहे." तिने मान वर केली. "रद्द!" ती गरजली. "म्हणजे काढून टाकली! संपली!"

खोलीत जो जल्लोष झाला त्याने वरच्या मजल्यावरचे रुग्ण जागे झाले असतील तर त्यांची माफी. लंबूने टायपिस्ट बाईंना चक्क उचललं. माळीबुवा फळ्याला धरून रडत होता. मुलीने आईला गच्च मिठी मारली, आणि पोस्टमन शेजारच्या माणसाला ही माझी बायको, ही माझी बायको, असं परत परत सांगत होता, जसं काही त्या माणसाला ते माहीत नव्हतं.

गलबला जरा ओसरला तेव्हा दारात एक म्हातारी दिसली. पाठीत वाकलेली, हातात काठी, रुग्णालयाशी तिचा काही संबंध नसावा. बाहेर कुठेतरी तिने ऐकलं होतं. "इथेच शिकवतात का हो?" तिने विचारलं. "माझं वय फार झालंय…"

"वय इथे कुणी विचारत नाही, आजी," कर्नल तिच्याकडे जात म्हणाली. "पेन्सिल आणलीत?"

"नाही बाई."

"तेवढंच चुकलं तुमचं," कर्नल म्हणाली. आपल्या कानावरची पेन्सिल काढून तिने म्हातारीच्या हातात दिली, तिचं कोपर धरून तिला पुढच्या रांगेत आणलं, आणि पोस्टमनला एका नजरेत खुर्चीवरून उठवलं.